आंब्याला कुठलं सुतक

ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालच्या मे महिन्यातली. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी रमजान भर आंब्यांच्या दिवसांत आला होता, आणि त्याचाही या गोष्टीत वाटा आहे.

माझा पुतण्या प्रमोद याचा मिरजोळ्याच्या बाजूला आंबापोळीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, रस गाळायचं एक यंत्र, मागे आंबे पिकत घालायची खोली आणि पुढे जांभ्या दगडाचं मोठं अंगण. त्या अंगणात रसाची ताटं उन्हाला मांडली की सगळं अंगण पिवळंजर्द होऊन जायचं. मी प्रमोदची काकी. यजमान गेल्यापासून त्याच्याच घरी राहते. कारखान्यात मला कोणी कामाला बोलावलं नव्हतं, पण घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा तिथे दारातल्या खुर्चीत बसून पाकिटांना लेबलं चिकटवणं मला आवडायचं. रसाच्या वासात बसलं की मला माझं लहानपण आठवतं. आमच्या मांडवीच्या घरी आई सुपाएवढ्या पोळ्या घालायची आणि आम्ही भावंडं कावळे हाकायला बसायचो. कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त खायचो.

प्रमोदकडे कामाला होत्या त्या सगळ्या बायका आमच्या गावच्या. गावच्या म्हणजे नुसत्या गावच्या नव्हेत, आमच्या भावकीतल्या. कोणी माझी चुलत सून, कोणी चुलत जाऊ, कोणी प्रमोदची वहिनी. त्यांची मुकादम कमलाबाई. ती नात्याने माझी धाकटी जाऊ लागायची, मला वहिनी म्हणायची, आणि कारखान्यात मात्र माझ्यावरसुद्धा डोळे वटारायची. भावकीत नवी सून आली की पहिल्या मोसमाला कमलाबाई तिला घेऊन यायची आणि ताटापुढे बसवायची. बसायची जागासुद्धा नात्याने ठरलेली. मोठ्या जावा सावलीला, धाकट्या उन्हाला. प्रमोद पाहुण्यांना छाती काढून सांगायचा, माझ्या कारखान्यात परकं माणूस औषधालाही मिळणार नाही.

त्यात खरंच सुख होतं, मी नाही म्हणत नाही. कोणी काही उचलून नेत नसे, कोणाचं मूल आजारी पडलं तर बाकीच्या सांभाळून घेत. पण शिमग्याला गावच्या देवाची पालखी निघाली की कारखान्याला कुलूप. भावकीत लग्न निघालं की कुलूप. एका वर्षी तर कोणाच्या तरी नातीचं बारसं होतं म्हणून कुलूप लागलेलं मी पाहिलंय.

प्रमोदची मुलगी तेजल दापोलीला अन्नप्रक्रियेचं शिकून आली होती. तिला या कुलपांचा फार राग. ती बापाला म्हणायची, बाबा, सगळी माणसं एकाच घरची घेतलीत, म्हणून सगळ्यांच्या अडचणीही एकाच दिवशी येतात. थोड्या वेगवेगळ्या ठिकाणच्या बायका घ्या, एकीची सुट्टी ती दुसरीची नसेल. प्रमोद म्हणायचा, तू पुस्तकातलं पुस्तकात ठेव. पोळी लोक उपासाला खातात. कोणाच्या हातची आहे ते बघतात.

त्या मोसमात मात्र त्याचं मन कारखान्यावरून उडालं होतं. एका कुरिअरवाल्याला शेड गोदामासाठी हवी होती. तेजलने हट्ट धरला. तिने स्वतः पुण्याला जाऊन एका मोठ्या दुकानाची मागणी आणली होती, आमच्या कारखान्याने कधी केली नसेल एवढ्या पोळीची. मे संपता संपता त्यांची गाडी यायची होती. बापलेकीचा करार माझ्यासमोर झाला. गाडी भरून गेली तर कारखाना तेजलचा. नाही गेली तर जूनमध्ये यंत्र विकायचं आणि शेड गोदामाला द्यायची. पोरगी त्या दिवसापासून झोपेतही पोळ्या मोजत असावी.

आणि आंबे पिकायला लागले, खोली वासाने भरली, कमलाबाईने बायकांना हाका मारून ताटांना तूप लावायला बसवलं, आणि त्याच सकाळी प्रमोदचा फोन वाजला. आमच्या भावकीचे सर्वांत वडीलधारे सखाराम आप्पा मुंबईला मुलाकडे वारले होते. आप्पा म्हणजे पालखीचा पहिला मान ज्यांचा ते. त्यांना गावी आणणार होते.

बायकांनी ताटं होती तशी ठेवली. कोणी हात धुतले, कोणी तेही नाही. कमलाबाईने डोक्यावरून पदर घेतला, मला म्हणाली, "वहिनी, चला." अर्ध्या तासात अंगणात तुपाचा हात लावलेली ताटं आणि त्यांवर बसलेल्या माश्या, एवढंच उरलं.

आम्ही सगळेच गावी गेलो. दहन झालं. प्रमोदला, मला आणि तेजलला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं, कारण घराला कोणी नव्हतं. बायका मात्र गावीच राहिल्या. आप्पांच्या दिवसांत भावकीने चूल सोडून हलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आणि सुतक तर आम्हा सगळ्यांनाच. दहा दिवस.

तेजल आल्या आल्या आंब्यांच्या खोलीत गेली आणि एक आंबा हातात घेऊन बाहेर आली. आंबा इतका तयार होता की बोट लावलं तर रस यावा.

"बाबा, हे दहा दिवस थांबणार नाहीत."

"मग काय करू? आप्पांना उठवू?"

"मी करते. मला काही सुतक वाटत नाही."

"तुला वाटत नसेल, मला वाटतं. सुतकातल्या माणसाचा हात त्या पोळीला लागला, तर मी स्वतः पुण्याला फोन करून सांगेन. उपासाची म्हणून विकतात ते. मी कोणाचा उपास मोडणार नाही."

प्रमोद दुष्ट नव्हता. खरोखर मानणारा होता, आणि खोटं बोलणं त्याला जमत नसे. तेजलला ते ठाऊक होतं. ती आंबा हातात फिरवत उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून मला माझ्या खुर्चीतून उठावंसं वाटलं.

"म्हणजे सुतक नसलेल्या माणसाचा हात लागलेला चालेल?" तिने विचारलं.

"चालेल की."

"आंब्याला तर सुतक नाही ना?"

"आंब्याला कुठलं सुतक?"

"झालं तर मग," ती म्हणाली. प्रमोदच्या लक्षात यायला वेळ लागला. आमच्या ओळखीतली सगळी माणसं भावकीतली, म्हणजे सगळी सुतकातली. ज्यांना सुतक नाही अशी माणसं म्हणजे भावकीबाहेरची सगळी दुनिया. आपल्याच तोंडाने तो तिला दार उघडून देऊन बसला होता.

तेजलने पहिला फोन मनस्वीला केला. मनस्वी आमच्याच गावची, पऱ्याच्या पलीकडच्या बौद्धवाडीतली. पऱ्या म्हणजे ओढा, उन्हाळ्यात कोरडा पडलेला, पायाने ओलांडता येतो. पण अलीकडे आप्पांचं सुतक आणि पलीकडे नाही. मनस्वी रत्नागिरीत भावाकडे राहायची. रस डबाबंद करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तिने दोन मोसम काढले होते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे काम मागायला आली होती, तेव्हा कमलाबाईने तिला फाटकातूनच जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. लेबलं चिकटवता चिकटवता मी ते पाहिलं होतं. जागा होती. त्या मोसमात दोघी जणी बाळंतपणाला गेल्या होत्या. तेजलच्या फोनवर मनस्वीने एकच विचारलं, कमलामावशी आहेत का? नाहीत म्हटल्यावर, येते म्हणाली.

एकीने काय होणार? तेजल माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, रिक्षा बोलाव.

मी मांडवीची मुलगी. माझ्या लहानपणी मुंबईची बोट आली की ती लांब समुद्रात उभी राहायची आणि होड्यांतून माणसं धक्क्यावर यायची. त्या होड्यांवर खारवी, भंडारी, मुसलमान, सगळे एकाच दोरीला लागायचे, कारण लाट आली की कोणाला थांबायला वेळ नसायचा. मिरकरवाड्याची जुलेखा माझी तेव्हापासूनची मैत्रीण. ती गेली, पण तिची मुलगी जैबुन, मला खाला म्हणजे मावशी म्हणणारी, सुकी मासळी करते आणि तिच्या हाताखाली दहाबारा बायका असतात. मी तेजलला घेऊन तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की मला सुतक आहे, आत येत नाही.

"खाला, तुमचं सुतक तुमच्या घरी," जैबुन म्हणाली. "आमच्यात ते नाय. या, पंख्याखाली बसा."

मी पंख्याखाली बसले. बोटी किनाऱ्याला लागायला सुरुवात झाली होती, जूनपासून मासेमारी बंद, तिच्या बायकांना काम कमीच होतं. पण रोजे चालू होते. जैबुनने आपल्या अटी सांगितल्या. उजाडता यायचं, ऊन चढलं की सावलीचं काम, संध्याकाळी रोजा सोडायच्या आत घरी. तेजलने सगळ्याला हो म्हटलं. जैबुन हसत मला म्हणाली, एक गोष्ट चांगली खाला, माझ्या बायका बोट चाटायच्या नायत.

शेजारच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची बायको दिलमाया, ती आपणहून आली. आंब्याचे क्रेट पाठीवर घेऊन त्याचा पट्टा कपाळाला लावायची, आणि दोन्ही हात मोकळे. चालता चालता हातात विणकाम. मी सत्तर वर्षं रत्नागिरीत काढली, असं ओझं वाहिलेलं पाहिलं नव्हतं.

पहिला दिवस मात्र काही विचारू नका. मनस्वीला यंत्र येत होतं, पण ताटात पोळी घालणं तिने कधी केलेलं नव्हतं. जैबुनच्या बायकांना सुकवणं येत होतं, पण रस किती पातळ पसरायचा ते माहीत नव्हतं. पहिल्या ताटातली पोळी पायपुसण्याएवढी जाड झाली. गोडी बघायची तर निम्म्या जणींचे रोजे. मग चाखायचं काम दिलमायाकडे आलं आणि तिने प्रत्येक पातेल्याला मान डोलावून, एकदम मीठो, म्हणून सांगितलं. तिच्या चवीवर विसंबून एका पातेल्यात साखर घालायचीच राहिली. मी दारातल्या खुर्चीत हात मांडीवर बांधून बसले होते. लेबलालाही हात लावायचा नाही असं प्रमोदने बजावलं होतं. हाताने दाखवता येत नव्हतं म्हणून मी तोंडाने सांगत होते, आणि संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. तरी सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

प्रमोद फाटकाशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो तेजलला म्हणाला, त्या पोळीला सुकटीचा वास आला, तर पुण्याचा माणूस रिकामी गाडी घेऊन परत जाईल. ते जैबुनने ऐकलं. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "वास मासळीला असतो शेठ. बाईला नसतो." प्रमोद लाल झाला आणि आंघोळ राहिली आहे असं काहीतरी सांगून निघून गेला.

त्याच दुपारी जैबुन अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने विचारलं की ही ताटं दगडावर कशाला ठेवता? वरून ऊन लागतं, पण खालून? समुद्रावर आम्ही जाळं ताणून बांधतो, मासळी वर पसरतो, वारा खालून जातो. तेजल धावत तिच्यापाशी गेली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मासळीचं जाळं वापरायचं नाही, हे तर उघडच. जैबुनच्या मुलाने ऑगस्टमध्ये समुद्रात न्यायला नवं कोरं जाळं आणलं होतं. तिने फोन करून ते रिक्षातून मागवलं. मुलगा फोनवर ओरडत होता, मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं. दिलमायाच्या नवऱ्याने बागेतून वासे आणले. संध्याकाळच्या आत अंगणात कमरेच्या उंचीचा मांडव उभा राहिला. रसाचे थर एकावर एक घालून ते धरले की पोळी ताटातून सोडवून जाळ्यावर टाकायची. खाली वारा, वर ऊन. जी पोळी उलटायला आम्हाला चार चार दिवस लागायचे ती दुसऱ्याच दिवशी हाताला सुटायला लागली.

तेजल नाचायचीच राहिली होती. पोळ्या भराभर निघत होत्या, मनस्वी यंत्र बंदच करत नव्हती, खोलीतले आंबे कमी होत चालले होते. शेडमध्ये खोक्यांवर खोकी चढली. प्रमोद फाटकातून खोकी मोजायचा आणि मी बघते आहे असं दिसलं की आकाशाकडे बघायचा.

आणि मग एका सकाळी एसटीतून कमलाबाई उतरली.

तिला गावी राहवलं नव्हतं. कोणीतरी तिला फोनवर सांगितलं होतं की कारखाना चालू आहे, आणि कोणाकोणाला घेऊन चालू आहे तेही सांगितलं होतं. ती फाटकात आली. जाळं बघितलं. आपल्या नेहमीच्या सावलीच्या जागी बसलेली जैबुन बघितली. यंत्रापाशी उभी असलेली मनस्वी बघितली. सगळ्यांचे हात थांबले. तेजलचा चेहरा उतरला, कारण कमलाबाईने एक शब्द उलटा टाकला असता तर प्रमोदने तो उचलला असता आणि कारखाना तिथेच संपला असता.

कमलाबाई आत आली. माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "एक तुकडा आणा बघू."

हात लावायला नको होता, पण खायला बंदी नव्हती. मनस्वीने खोक्यातली एक पोळी कापून केळीच्या पानावर आणली आणि पान तिच्यापुढे ठेवलं. कमलाबाईने तुकडा तोंडात टाकला, चावला, बराच वेळ चावला. मग तिने उरलेला तुकडा दोन बोटांनी उलगडून आम्हाला दाखवला.

वरची कातडी छान सुकली होती. आत थरांच्या मध्ये ओल होती. चिकट, चकाकणारी ओल.

"पुण्याला पोचेपर्यंत बुरशी," ती म्हणाली.

मला वाटलं तेजल आता रडणार. वाऱ्याने वरचा थर इतका लवकर सुकत होता की सगळ्यांना पोळी झाली असं वाटायचं. रचलेली सगळी खोकी कच्ची होती, आणि गाडी दोन दिवसांवर होती. फाटकातून प्रमोदने ऐकलं. तो म्हणाला, बघ, मी सांगत होतो, हे आपल्या माणसांचंच काम.

कमलाबाई त्याच्याकडे वळली. "आपल्या माणसांनी एवढी पोळी या दिवसांत केली असती काय रे? आंबे सडून गेले असते खोलीत. गप बस जरा."

एवढं बोलून ती उठली आणि अंगणात, ताटांपासून हातभर लांब, एका दगडावर जाऊन बसली. कसं ओळखायचं ते तिने सांगितलं. पोळीच्या मधोमध अंगठा दाबायचा. खड्डा पडून तसाच राहिला तर आत ओल आहे. हळूच वर आला तर झाली. तोंडाने सांगणं सोपं होतं, पण वर येणं म्हणजे किती, हळूच म्हणजे किती, हे अंगठ्यालाच कळतं, आणि कमलाबाईचा अंगठा सुतकात होता. तिने एकेक जणीला बघितलं. जैबुनचा अंगठा मिठाने घट्ट झालेला. दिलमायाचा विणकामाच्या सुयांनी. शेवटी ती मनस्वीपाशी थांबली.

"इकडे ये गो. तुझा अंगठा आज माझा समज."

मनस्वी जागेवरून हलली नाही. ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हाही हाच अंगठा होता, मावशी."

मी कमलाबाईला पन्नास वर्षं ओळखत होते, ती कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"तेव्हा मला तो लागला नव्हता," ती म्हणाली. "आज लागतोय. खोटं कशाला बोलू?"

माफी नव्हती ती. पण मनस्वीला खोटी माफी नको असावी. तिने यंत्र बंद केलं, हात धुतले, पहिली पोळी उचलून कमलाबाईपुढे धरली आणि मधोमध अंगठा दाबला. कमलाबाईने बघितलं आणि म्हणाली, कच्ची. दुसरी. कच्ची. दहाव्या-बाराव्या पोळीला मनस्वी स्वतःच म्हणाली, ही झाली. कमलाबाई नुसती हसली. दात पडलेले दिसले तिचे.

मग जे दोन दिवस गेले ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. सगळी खोकी उघडली. कमलाबाईने सांगितलं की चिकटलेले थर सोडवून वेगळे करा, आणि प्रत्येक थराला आधी दगडावरचं कडक ऊन दाखवा, ताट तापलं की आतली ओल वर येते. मगच जैबुनच्या जाळ्यावर टाका. दोघींचं जमेना आधी. कमलाबाई म्हणायची ऊन, जैबुन म्हणायची वारा. तेजलने मनस्वीकडून पोळ्यांचे दोन भाग करवले आणि दोघींना आपापलं करून बघायला सांगितलं. दुपारपर्यंत दिसलं की नुसत्या उन्हाची पोळी वेळेत होत नाही आणि नुसत्या वाऱ्याची पोळी पोटात कच्ची राहते. आधी ऊन, मग वारा, मग उलटून पुन्हा ऊन. कमलाबाई म्हणाली, मी तेच सांगत होते. जैबुन म्हणाली, मी पण. प्रमोद फाटकात उभा राहून, उलटा, उलटा, असं ओरडत होता. कोणी त्याचं ऐकत नव्हतं, तरी तो ओरडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चपला काढून फाटकाच्या आत आला आणि जैबुनला विचारलं, बाई, रोजा सोडायला खजूर आणू का? आणले त्याने. चांगले, महागातले.

गाडी ठरल्या सकाळी आली. पुण्याच्या माणसाने एक पोळी उचलली, मोडून बघितली, खाल्ली, आणखी एक खाल्ली, आणि तेजलला विचारलं की पुढच्या मोसमात याच्या दुप्पट द्याल का? गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तेजलने मला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दिलमायाने तिला बाजूला केलं आणि मला उचलून दाखवलं.

सुतक फिटल्यावर भावकीतल्या बायका परत आल्या. एकीने जैबुनच्या बाईला म्हटलं, ही माझी जागा. तेजल म्हणाली, आजपासून जागा नात्याने नाही, कामाने. थोडी कुरकुर झाली. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ईद आली, जैबुनच्या बायका रजेवर गेल्या, आणि कारखाना चालू राहिला. त्या शिरखुर्म्याचे डबे घेऊन परत आल्या. मोठ्या जावांनी आधी नाही नाही म्हटलं आणि मग दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. पुढच्या मार्चमध्ये शिमग्याला भावकी पालखीला गेली, आणि त्याही वर्षी कुलूप लागलं नाही. टाळेबंदी उठल्यानंतर एका चौदा एप्रिलला मनस्वी आणि तिच्या वाडीतून आलेल्या बायका जयंतीला गेल्या, बाकीच्या होत्याच. तेजल म्हणते, कारखान्याचं सगळं गणित एवढंच आहे.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. प्रमोदने शेड गोदामाला दिली नाही. आता तो रोज कोकम सरबताच्या नादात असतो आणि भेटेल त्याला सांगतो की सुतक नसलेली माणसं आणायची कल्पना मुळात त्याची. एका अर्थी खरंच आहे ते. तेजलने शेजारची जागा घेऊन दुसरी शेड घातली. चिपळूणच्या मुलाशी लग्न केलं. तो सासुरवाडीला आला की त्याला ताटांना तूप लावायला बसवते. दिलमाया टाळेबंदीत नेपाळला गेली, सगळ्यांना वाटलं संपलं, पण दुसऱ्या वर्षी ती बहिणीला घेऊन परत आली. गोडी बघायचं काम तिला पुन्हा कोणी दिलं नाही. जैबुनचे गुडघे गेले, तिची सून आता मांडवाचं बघते. मुलाचं ते जाळं समुद्रात कधी गेलंच नाही, अजून अंगणात ताणलेलं आहे. त्याला तेजलने दुसरं घेऊन दिलं.

कमलाबाई गेल्या वर्षी मे महिन्यात गेली. आंबे अगदी भरात होते. भावकी सगळी गावी गेली. मीही गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, आणि दारातल्या खुर्चीत हात मांडीवर बांधून बसले, कारण मला सुतक होतं. कारखान्यात एक ताट रिकामं नव्हतं. मनस्वी आता तिथली मुकादम आहे. तिला सुतक नव्हतं. दिवसभर तिने एकेक पोळी उचलली, मधोमध अंगठा दाबला आणि बाजूला ठेवली. मधूनच एखादी पोळी ती त्या दगडाकडे धरून दाखवायची, जिथे कमलाबाई बसायची. मग स्वतःशीच म्हणायची, झाली. आणि पुढची घ्यायची.